तो एक सेकंद कुणी ठेवला?

यंदाच्या अंकाचा विषय 'बिनपगारी' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा डोळ्यांसमोर आधी ठरलेलीच मंडळी आली. गणेश मंडळाचे कार्यकर्ते, वारीच्या वाटेवर पाणी वाटणारे, आणि घरोघरच्या बायका, ज्यांच्या कामाला कुणी काम म्हणतच नाही. या सगळ्यांवर लिहून झालंय, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लोकांनी लिहिलंय. म्हणून मी जरा आडवाटेला गेलो.

माझ्या फोनमध्ये 'टास्क्स' नावाचं एक ॲप आहे. विजेचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, आईच्या बीपीच्या गोळ्या, सगळं मी त्यात लिहून ठेवतो आणि वेळ झाली की ते हाक मारतं. जाहिराती नाहीत. त्याचा सगळा सोर्स कोड गिटहब या साइटवर उघडा ठेवलेला आहे. तो कुणीही वाचावा, उतरवून घ्यावा, त्यात बदल करावा, आणि बदल चांगला झाला असं वाटलं तर ॲप सांभाळणाऱ्याकडे पाठवून द्यावा. त्याला पटला तर तो बदल माझ्या फोनमध्ये येऊन पडतो आणि करणाऱ्याला त्याचे पैसे मिळत नाहीत. कामांची यादी ठेवणारं ॲप, आणि त्याच्यासाठी रात्री जागून काम करणारे लोक. मला हे जरा गमतीचं वाटलं. पण खरा प्रश्न वेगळा होता. कोडची लाखभर ओळींची चळत समोर असताना नवखा माणूस त्यात शिरतो कुठून?

विकलं गेलं, बंद पडलं, तरी उरलं

या ॲपचा पूर्वज 'ॲस्ट्रिड'. अँड्रॉइड नवीन होतं तेव्हापासूनचं हे कामांच्या यादीचं ॲप. मागे एक छोटी कंपनी, लाखो वापरणारे. मे २०१३ मध्ये याहूने ती कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲस्ट्रिड बंद झालं. आपापला डेटा काढून घ्या, असं वापरणाऱ्यांना सांगण्यात आलं. मोठ्या कंपनीने लहान कंपनी घेतली की बऱ्याचदा असंच होतं. माणसं हवी असतात, वस्तू नको असते.

एरवी गोष्ट इथेच संपली असती. पण ॲस्ट्रिडचा कोड जीपीएल या परवान्याखाली आधीच खुला केलेला होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये पहिल्यांदा लिहिलेल्या या परवान्याची अट साधी आणि चिवट आहे. कोड घ्या, बदला, वाटा, विकासुद्धा. मात्र ज्याला द्याल त्याला तुमचा बदललेला कोडही याच अटींवर मिळाला पाहिजे. एकदा असा दिलेला कोड नंतर कंपनीचा मालक बदलला म्हणून परत मागता येत नाही. ॲलेक्स बेकर या प्रोग्रामरने तो उचलला, ॲस्ट्रिडचं नाव बाजूला ठेवलं, आणि 'टास्क्स' म्हणून पुढे चालवला. तेव्हापासून कामाचा सिंहाचा वाटा त्यानेच उचललेला आहे. बाकीचे येतात, एखादी खिडकी दुरुस्त करतात, जातात. काही टिकतात.

जुनं नाव ॲपच्या दर्शनी भागातून गेलं, पण आतून गेलं नाही. कोडच्या फोल्डरांमध्ये उतरलं की 'कॉम डॉट टोडोरू डॉट ॲस्ट्रिड' अशा पाट्या आजही दिसतात. टोडोरू हे त्या मूळ मंडळींचंच नाव. शेजारी 'ऑर्ग डॉट टास्क्स' ही नवी वस्ती. आधी हा सगळा कोड जावामध्ये होता. गुगलने २०१७ मध्ये कोटलिन या भाषेला अँड्रॉइडवर अधिकृत जागा दिली, त्यानंतर इथलाही कोड हळूहळू कोटलिनमध्ये गेला. त्यामुळे एखादी फाइल उघडली की भाषा आजची आणि विचार पंधरा वर्षांपूर्वीचा, असं होतं.

बिल्ड नंबरवर सात वेळा

हे सगळं प्रत्यक्ष बघायला मी कर्वेनगरला एका खोलीवर गेलो. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी, मूळची सांगलीकडची, 'टास्क्स'चा कोड पहिल्यांदाच आपल्या लॅपटॉपवर उभा करणार होती. लॅपटॉपची रॅम आठ जीबी. "काका, तुम्ही बसा, याला वेळ लागणार," असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं.

पहिली पायरी फोर्क. म्हणजे गिटहबवर मूळ प्रकल्पाची आपल्या खात्यात एक प्रत करून घ्यायची. तिथे काय वाटेल तो गोंधळ घातला तरी मूळ प्रकल्पाला धक्का लागत नाही. मग ती प्रत लॅपटॉपवर उतरवायची. इथपर्यंत दहा मिनिटं. त्यानंतर अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवायच्या प्रोग्रामने प्रकल्प उघडला आणि ग्रेडल नावाचं प्रकरण सुरू झालं.

ग्रेडल हा बांधकामाचा मुकादम. या ॲपला लागणाऱ्या दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या कोणत्या, कुठल्या आवृत्तीच्या, हे तो यादीत वाचतो, नेटवरून एकेक आणतो, आणि शेवटी सगळं जुळवून फोनवर चढणारी फाइल तयार करतो. पहिल्या खेपेला तो शेकडो एमबी ओढतो. खोलीतलं वायफाय तिघींत वाटलेलं होतं. मेसचा डबा आला, खाऊन झाला, तरी खालची निळी पट्टी सरकतच होती. मध्येच लाल अक्षरांत एरर आली. तिने ती जशीच्या तशी उचलून शोधली. जावाची आवृत्ती जुनी निघाली. ती बदलली, पुन्हा पट्टी. नवख्यांपैकी किती जण इथूनच परत फिरत असतील, असं मला तेव्हा वाटून गेलं. कोडची एक ओळही न वाचता.

एक निवडही करावी लागली. हे ॲप दोन रूपांत बांधलं जातं. एक गुगल प्लेसाठी, त्यात गुगलच्या बंदिस्त लायब्रऱ्या असतात. दुसरं 'जेनेरिक', त्यात त्या नसतात. नकाशासुद्धा गुगलचा न वापरता ओपनस्ट्रीटमॅपचा. एफ-ड्रॉइड या खुल्या ॲप-भांडारात हे दुसरं रूप जातं. नवख्याने जेनेरिकच घ्यावं, कारण त्याला गुगलकडच्या कुठल्या किल्ल्या लागत नाहीत.

लॅपटॉपच्या पडद्यावर चालणारा नकली फोन, म्हणजे एम्युलेटर, सुरू केला आणि पंख्याचा आवाज वाढला. आठ जीबीत तो आणि अँड्रॉइड स्टुडिओ दोन्ही मावेनात. तिने तो बंद केला आणि स्वतःचा फोन काढला. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'बिल्ड नंबर', आणि त्या ओळीवर बोटाने सात वेळा टकटक. शेवटच्या दोन-तीन टकटकींना फोन उलटी मोजणी दाखवतो आणि मग जाहीर करतो की तुम्ही आता डेव्हलपर झालात. चार वर्षांच्या पदवीपेक्षा हे बरंच स्वस्त आहे. ती हसली नाही. तिने हा विनोद आधी ऐकलेला असावा.

यूएसबी डीबगिंग चालू करून केबल जोडली आणि थोड्या वेळाने ॲप फोनवर उघडलं. आता पहिला बदल. ॲपमध्ये दिसणारे सगळे शब्द एका वेगळ्या फाइलीत ठेवलेले असतात. तिने त्यातलं एक वाक्य खोडून रूममेटचं नाव घातलं, पुन्हा बांधलं, आणि पडद्यावर ते नाव आलं. या बदलाचा जगात कुणालाही उपयोग नाही. पण कोडपासून फोनपर्यंतची अख्खी वाट मोकळी आहे, एवढं त्यातून कळलं. हिंजवडीत नोकरी करणारा आणि शनिवार-रविवार अशा प्रकल्पांवर काम करणारा एक जण मला नंतर म्हणाला, की नवीन कुणी मदत मागितली तर तो आधी हाच फालतू बदल करून दाखवायला सांगतो. "तो झाला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं वाचायचं असतं."

दुपारचे बारा

वाचायचं म्हणजे काय, ते पुढच्या बैठकीत कळलं. हा हिंजवडीचा दादा (ती त्याला दादाच म्हणते) त्या दिवशी खोलीवर आला होता. त्याने तिला एकच काम दिलं. एखाद्या कामाला तारीख दिली आहे की तारीख आणि वेळ दोन्ही दिलं आहे, हे ॲपला कसं कळतं, ते शोधून काढ.

मला वाटलं, दोन वेगळे रकाने असतील. एकात तारीख, एकात वेळ. तसं नाही. देय तारीख हा एकच आकडा आहे, १ जानेवारी १९७० पासून उलटून गेलेल्या मिलिसेकंदांचा. मग 'शुक्रवारी कधीही' आणि 'शुक्रवारी सकाळी दहा' यांतला फरक ठेवलाय कुठे?

बऱ्याच वेळाने तिला ती ओळ सापडली. देय तारखेला साठ हजाराने भागायचं. बाकी उरली तर वेळ दिलेली आहे, नाही उरली तर नुसती तारीख. साठ हजार मिलिसेकंद म्हणजे एक मिनिट. मग जिथे तारीख तयार होते ती जागा तिने शोधली. नुसती तारीख दिली असेल तर ॲप त्या दिवशीचे दुपारचे बारा, शून्य मिनिटं, शून्य सेकंद असा आकडा ठेवतं. वेळ दिली असेल तर ती वेळ, आणि सेकंदाच्या जागी एक. सकाळी दहा म्हणजे दहा वाजून एक सेकंद. तो एक सेकंद वापरणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो वेळ दिल्याची खूण म्हणून तिथे बसलेला आहे, ॲस्ट्रिडच्या काळापासून.

पेठेतल्या जुन्या वाड्यात भिंतीत एखादी खुंटी असते, काही न टांगलेली. नव्या भाडेकरूला ती खुपते. तो उपटतो, आणि मग कळतं की माळ्याची दोरी तिलाच बांधलेली होती. हा एक सेकंद तसा आहे. स्वच्छ कोड लिहायला शिकलेला कुणीही हुशार विद्यार्थी येऊन 'इथे शून्य हवं, चुकून एक पडलाय' म्हणून तो दुरुस्त करेल, आणि त्या दिवसापासून सगळ्यांच्या सकाळी दहाच्या कामांची वेळ नाहीशी होईल.

दुपारचे बारा ही निवडही बघण्यासारखी आहे. नुसती तारीख मध्यरात्रीच्या ठोक्याला ठेवली असती, तर पुण्यात लिहिलेलं शुक्रवारचं काम लंडनमध्ये उतरल्यावर गुरुवारचं झालं असतं, कारण तिथे तेव्हा गुरुवारची संध्याकाळ असते. दुपारी बारा ठेवले की लंडनमध्ये शुक्रवार सकाळ, म्हणजे तारीख शाबूत. मात्र ही युक्ती दोन्ही बाजूंना साधारण बारा तासच पुरते. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात आपण साडेबारा तास पुढे असतो, म्हणजे आपली शुक्रवारची दुपार ही तिथली गुरुवार रात्रीची साडेअकरा. तो अर्धा तास आपला, भारताचा. जगातल्या बहुतेक देशांची घड्याळं ग्रिनिचपासून पूर्ण तासांच्या फरकाने चालतात. साडेपाच तासांवाले आपण मोजक्यांपैकी. भारतातून काम करणाऱ्याच्या मशीनवर काही चुका आपोआप उघड्या पडतात त्या यामुळे. उलटंही आहे. आपल्याकडे वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करण्याची भानगड नाही, त्यामुळे मार्चमधल्या एका रविवारी अमेरिकेत पहाटे अडीच वाजतच नाहीत, हे आपल्या लक्षातही येत नाही. त्या वेळेला कुणी रिमाइंडर लावला असेल तर ॲपने काय करायचं?

"आता 'गिट ब्लेम' चालव," दादा म्हणाला. बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटमधली ही आज्ञा फाइलीतल्या प्रत्येक ओळीपुढे ती शेवटी कुणी, कधी बदलली ते दाखवते. नाव भांडखोर आहे, काम इतिहासकाराचं. ओळ जावातून कोटलिनमध्ये गेली ती तारीख आधी दिसते, मग आणखी मागे जावं लागतं. ती मागे मागे जात राहिली. त्या संध्याकाळी तिने नवीन काही लिहिलं नाही. दादाच्या मते ती तिची पहिली खरी संध्याकाळ होती.

'रिमाइंडर वाजलाच नाही'

कोडला हात न लावता करण्यासारखं सगळ्यात मोठं काम तक्रारींच्या यादीत असतं. गिटहबवर अशा तक्रारीला इश्यू म्हणतात. कामांच्या कुठल्याही ॲपची यादी उघडा, एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत सतत येते: रिमाइंडर वाजला नाही. औषधाची वेळ टळली, मीटिंग चुकली, लोक चिडलेले असतात.

दोष मात्र पुष्कळदा ॲपचा नसतो. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड सहापासून फोन हलवला नाही तर तो 'डोझ' नावाच्या डुलकीत जातो आणि ॲप्सची कामं मागे टाकतो. अँड्रॉइड बारापासून ठरल्या क्षणी वाजण्यासाठी ॲपला वेगळी परवानगी लागते. तेरापासून सूचना दाखवायलाच परवानगी लागते. चौदामध्ये ती ठरल्या क्षणाची परवानगी नव्याने बसवलेल्या बहुतेक ॲप्सना आपसूक मिळेनाशी झाली. याच्या वर फोन बनवणाऱ्या कंपन्यांचे बॅटरी वाचवण्याचे आपापले उद्योग असतात. मागे चालणारं ॲप त्या सरळ मारून टाकतात. हा छळ इतका झाला की 'स्लीप ॲज अँड्रॉइड' या ॲपच्या मंडळींनी 'डोन्ट किल माय ॲप' नावाची साइटच काढली. कुठल्या कंपनीच्या फोनवर कुठल्या सेटिंगमध्ये जाऊन काय बंद करायचं, ते तिथे कंपनीवार लिहिलेलं आहे.

आता सांभाळणाऱ्याच्या जागी बसून बघा. त्याच्याकडे मोजकेच फोन. तक्रार करणाऱ्याचा फोन कुठला, अँड्रॉइड कितवं, ॲपची आवृत्ती कोणती, बॅटरी सेव्हर चालू होता का, काम एकदाचं होतं की पुन्हा पुन्हा येणारं, यातलं काहीच माहीत नाही. समोर फक्त 'चालत नाही, लवकर दुरुस्त करा'. यातून मार्ग काढायचा तर पाच प्रश्न विचारायचे, उत्तराची वाट बघायची, आणि निम्मे लोक उत्तर देत नाहीत.

आमच्या सांगलीकरणीने इथून सुरुवात केली. तिच्या खोलीत तीन मुली, तीन कंपन्यांचे फोन. रिमाइंडरबद्दलची एक तक्रार घेऊन तिने तिन्ही फोनवर तेच काम, तीच वेळ लावली. फोन पालथे ठेवले, हात लावायचा नाही असं तिघींत ठरलं (हा सगळ्यात कठीण भाग होता). दोन फोन वाजले, एक गप्प. मग गप्प फोनची बॅटरीची सेटिंग बदलून पुन्हा. या वेळी वाजला. हे सगळं तिने पायरीपायरीने लिहिलं: कुठला फोन, काय लावलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय बदलल्यावर बरं झालं. लिहिलेलं वीस ओळींचं. तिला वाटत होतं, यात आपण काय केलं? दादाचं मत उलटं. कोडच्या दोनशे ओळी आल्या की कुणालातरी त्या तपासाव्या लागतात; अशा वीस ओळी आल्या की कुणाचातरी रविवार वाचतो.

मला या सगळ्या मुलुखाबद्दल एकच गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते, ती इथेच म्हणतो. खुल्या प्रकल्पात तुटवडा कोडचा नसतो. तुटवडा असतो तो सांभाळणाऱ्याच्या लक्षाचा. जो ते वाचवतो त्याचं योगदान मोठं, मग त्याने एक अक्षर प्रोग्रामिंग केलेलं नसलं तरी चालेल.

चार रिक्वेस्ट, एक टी-शर्ट

लक्ष कसं उधळलं जातं याचा किस्सा आपल्याच देशाशी जोडलेला आहे. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरला 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उपक्रम चालवते. २०२० मध्ये नियम असा होता, की महिन्याभरात खुल्या प्रकल्पांना चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सुचवणाऱ्या विनंत्या, पाठवा आणि पहिल्या ७०,००० मध्ये बसलात तर टी-शर्ट मिळवा. एका लोकप्रिय भारतीय यूट्यूब चॅनलवर प्रात्यक्षिक दाखवलं गेलं: माहितीच्या फाइलीत एखादा शब्द घुसडायचा आणि पाठवून द्यायचं. मग काय! जगभरच्या प्रकल्पांवर 'हा अप्रतिम प्रकल्प आहे' अशा छापाच्या बदलांचा पाऊस पडला. सांभाळणारे वैतागले आणि आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावे लागले. तेव्हापासून जो प्रकल्प स्वतःहून 'आम्ही यात आहोत' म्हणेल, तिथलंच काम धरलं जातं.

त्या मुलांना नुसतं हसण्यात अर्थ नाही. गिटहबवर भारतातले डेव्हलपर संख्येने अमेरिकेच्या खालोखाल आहेत, आणि त्यातली मोठी फौज कॅम्पसच्या रांगेत उभी आहे. गिटहबच्या खात्यावर रोजच्या कामाचे हिरवे चौकोन उमटतात; मुलाखत घेणारे ते बघतात अशी कॉलेजांत पक्की समजूत आहे. खुल्या प्रकल्पांवर काम करायला मिळणाऱ्या 'गुगल समर ऑफ कोड'मध्ये निवड झाली की कॉलेजबाहेर फ्लेक्स लागतो. बिनपगारी कामाच्या मागे पगाराचीच आशा असते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आता चॅटबॉटकडून तासाभरात दहा बदल लिहून घेता येतात, म्हणून पाऊस वर्षभर पडतो, इतकंच.

पुल रिक्वेस्ट म्हणजे आपल्या प्रतीत केलेला बदल मूळ प्रकल्पात ओढून घ्या, अशी विनंती. ती गेली की आधी यंत्र तपासतं: बांधकाम होतंय का, चाचण्या पास होतात का. मग माणूस. बदल लहान असेल, एकाच कामाचा असेल, कुठल्या इश्यूसाठी आहे हे लिहिलेलं असेल, तर माणूस वाचतो. एकाच रिक्वेस्टमध्ये चूक दुरुस्त केली, जाता जाता रंग बदलला, आणि दहा फाइलींतल्या मोकळ्या जागा सारख्या केल्या, की तो पान मिटतो. उत्तर यायला कधी दोन दिवस, कधी दोन महिने. त्याचीही नोकरी असते, घरी मुलं असतात. 'काय झालं?' असं दर दिवशी विचारणाऱ्यांचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

भाषांतराचं दार याहून सोपं आहे. मिखाल चिहार्झ या चेक प्रोग्रामरने सुरू केलेल्या वेबलेट या व्यवस्थेवर 'टास्क्स'चे शब्द ठेवलेले असतात. ब्राउझरमध्ये बसून आपल्या भाषेत भरायचे, ग्रेडलचं तोंडही बघावं लागत नाही. तिथे सांभाळायचं एवढंच, की वाक्यात आकड्यासाठी सोडलेली टक्क्याची खूण हलली तरी चालेल, हरवता कामा नये. आणि भरून झालं की फोनवर प्रत्यक्ष बघायचं. बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने पक्की केलेली असेल तर आपल्या वेलांट्या आणि रफार वरून छाटले जातात. हे भाषांतराच्या तक्त्यात दिसत नाही.

दर महिन्याची संकष्टी

मुलीला स्वतःचं असं काहीतरी करायचं होतं, आणि ते तिला घरून मिळालं. तिची आजी संकष्टी करते. तारीख दर वेळी कालनिर्णयात बघावी लागते. ॲपमध्ये 'दर महिन्याला' आहे, 'दर आठवड्याला' आहे, मग 'दर संकष्टीला' का नको?

यासाठी पुनरावृत्तीचं यंत्र आतून बघावं लागलं, आणि ते मजेशीर निघालं. कॅलेंडरची देवाणघेवाण करणाऱ्या बहुतेक ॲप्सप्रमाणे इथेही आयकॅलेंडर या मानकाची नियमांची भाषा आहे, २००९ च्या आरएफसी ५५४५ या दस्तऐवजातली. त्यात 'दर महिन्याची ३१ तारीख' असं सांगितलं तर ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना सरळ वगळायचा, असा नियम आहे. म्हणजे काम येतं ते वर्षातून सातदाच. भाडं भरणाऱ्याला हवा असतो तो 'महिन्याचा शेवटचा दिवस', आणि तो उणे एक असा लिहितात. शिवाय 'टास्क्स'मध्ये आणखी एक निवड आहे: पुढची खेप देय तारखेपासून मोजायची की काम पूर्ण केल्यापासून. कर्जाचा हप्ता चार दिवस उशिरा भरला म्हणून पुढचा चार दिवस पुढे जात नाही. पाण्याचा फिल्टर मात्र उशिरा धुतला तर पुढचे तीन महिने धुतल्यापासूनच मोजायला हवेत. दोन्ही कामं 'दर इतक्या दिवसांनी', आणि वागणूक उलट.

ग्रेगोरियन सोडून इतर पंचांगांसाठीही २०१५ मध्ये आरएफसी ७५२९ आली. चिनी नववर्ष, हिब्रू सण, अधिक महिने, यांची सोय तिने केली. पण संकष्टी तिच्यात बसत नाही. ती ठरते चंद्रोदयावर: वद्य चतुर्थी ज्या दिवशी चंद्रोदयाला असेल तो दिवस. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढायला लागणारा काळ, ती काही मध्यरात्री बदलत नाही. चंद्रोदय गावागणिक वेगळा. पंचांगकर्त्यांचं दर वेळी एकमत होईलच असंही नाही. म्हणजे ॲपमध्ये खगोलगणित घालायचं, वापरणाऱ्याचं गाव विचारायचं, आणि पुढची दहा वर्षं त्यातल्या तक्रारींना उत्तरं द्यायची.

"हे इश्यूत टाकू?" तिने दादाला विचारलं.

"टाक की. पण नाही म्हणतील, आणि त्यांच्या जागी मीही नाहीच म्हणेन. तू पास होऊन नोकरीला लागशील. अंगारकीची तारीख चुकली म्हणून कुणी भांडायला आलं तर उत्तर ॲलेक्सने द्यायचं?"

ती जरा गप्प झाली. मग त्यानेच वाट दाखवली. 'टास्क्स' कॅलडॅव्ह या पद्धतीने बाहेरच्या सर्व्हरशी बोलतं. नेक्स्टक्लाउडसारख्या ठिकाणी ठेवलेली कामं ते उचलून आणतं. मग संकष्टी ॲपमध्ये कशाला घालायची? बाहेर एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहायची. वर्षाच्या तारखा काढायच्या, प्रत्येकीचं एक काम तयार करायचं, सर्व्हरवर टाकायचं. ॲपला कळणारही नाही की या तारखा चंद्राने ठरवल्या आहेत. आणि स्क्रिप्ट चुकली तर भांडण घरातल्या घरात.

मी शेवटचा गेलो तेव्हा ती स्कायफील्ड या खगोलशास्त्राच्या लायब्ररीत सांगलीचे अक्षांश-रेखांश घालून चंद्रोदय काढत होती आणि आलेली उत्तरं कालनिर्णयाच्या पानाशी ताडून बघत होती. काही मिनिटांचा फरक पडत होता. तो आपल्या गणिताचा की छापलेली वेळ दुसऱ्या गावची असल्याचा, यावर फोनवर आजीशी चर्चा चालली होती. नेमकी वेळ आजीला हवीच होती, कारण उपास चंद्र दिसल्यावर सुटतो. म्हणून मुलीने कामाला नुसती तारीख न देता वेळही द्यायचं ठरवलं. तिच्या स्क्रिप्टने सर्व्हरवर रात्री नऊ वाजून चार मिनिटांचं एक काम टाकलं, ते फोनवर उतरलं, आणि तिने डेटाबेस उघडून बघितलं: नऊ, चार, आणि एक सेकंद.